डावी एक, उजवी एक

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली काटकोन म्हणते. तोंडावर सहसा कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी त्यांची नजर भिंतींवरून फिरते. तसबीर असो, आरसा असो, कॅलेंडर असो, जरा कललेलं दिसलं की गृहस्थ उठून ते सरळ करतात आणि मगच पाण्याच्या पेल्याला हात लावतात. एकदा छातीत कळ आली म्हणून मी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं, तर तपासायच्या टेबलावर आडवे होता होता म्हणाले, “डॉक्टर, तुमचं सर्टिफिकेट डावीकडे उतरलंय.” डॉक्टरांनी आधी सर्टिफिकेट सरळ केलं आणि मग छाती तपासली. कळ गॅसची निघाली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा फ्रेमचा. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आधी आजोबांचा फोटो सरळ केला आणि नंतर ताईकडे बघितलं. ते गेल्यावर वडील म्हणाले, “मुलगा सरळ आहे, पण आधी भिंतीला भेटला.” ताईला हा किस्सा फार आवडायचा. आल्यागेल्याला ती तो रंगवून सांगायची, आणि भाऊजी शेजारी बसून दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे लाजायचे. मधली काही वर्षं तिने तो कुणालाच सांगितला नाही. त्या वर्षांचीच ही हकीकत आहे.

मी स्वतः बस डेपोच्या तिकीट-खिडकीत आयुष्य काढलं. त्या खिडकीत बसलेलं माणूस ऐकून कमी घेतं आणि सुनावतं जास्त. लग्न केलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांनाही सुट्टे पैसे मागितले असतील, असं भाऊजी म्हणतात. ताईच्या वरच्या मजल्यावर राहते, तेव्हा यातलं बहुतेक सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

खाली रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे मधली खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. दुकानात एका भिंतीला मोल्डिंगच्या लांब काठ्या उभ्या, दुसऱ्या भिंतीला काचा, मधोमध मोठं टेबल. भाऊजी काठ्या तिरक्या कापतात, चार तुकडे जुळवतात आणि कोपऱ्याच्या सांध्यात अंगठ्याचं नख घालून बघतात. नख शिरलं तर सांधा खोटा, पुन्हा कापायचा. मधल्या खोलीत ताईचं शिवणाचं मशीन. ती पडदे शिवते. दुकान आणि मधली खोली यांच्यामध्ये नुसती दाराची चौकट आहे, दार नाही. त्यामुळे मशीनवर बसलं की टेबलाची एक बाजू समोर दिसते.

फार पूर्वी कुणीतरी एक चित्र फ्रेमला टाकून गेलं आणि न्यायला आलंच नाही. शिडांचं जुनं लढाऊ जहाज. तीन डोलकाठ्या, कडेला तोफांच्या खिडक्यांच्या दोन रांगा, सगळ्या उघड्या. जहाजाचं नाव चित्राच्या खालच्या कडेला छापलेलं होतं, आणि भाऊजींनी भोवतीचा पुठ्ठा कापताना नेमकं तेच झाकलं. चारी बाजूंचा समास सारखा यायला हवा होता, नावाचं काय एवढं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक येईना, तेव्हा चित्र दुकानाच्या भिंतीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

ताईचा एकुलता एक मुलगा त्या चित्राखाली मोठा झाला. अंगाने काटकुळा आणि वर केसांचं टोपलं, म्हणून मी त्याला खिळा म्हणायला लागले. नाव असं काही बसलं की पुढे तो स्वतःच फोनवर “खिळा बोलतोय” म्हणायचा. शिकला, इमारतींचे नकाशे काढायच्या नोकरीला लागला, मिशी आली, तरी सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन त्या चित्रासमोर उभा राहायचा. एका सुट्टीला त्याने फ्रेम उघडली, झाकलेलं नाव वाचलं आणि ग्रंथालयात जाऊन त्या जहाजाच्या नकाशांच्या नकला घेऊन आला. हे आपण लाकडात बांधायचं, म्हणाला. भाऊजींनी विचारलं, “फ्रेम नीट बंद केलीस ना?”

ते जहाज खरंच होऊन गेलेलं. इतक्या लढायांतून वाचलं आणि म्हातारपणी बंदरात उभं असताना मोडीत निघालं, असं खिळा मला सांगायचा. नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी आपली नुसतं जहाज म्हणते.

बांधायची रीत अशी. आधी लाकडाचा लांब कणा. त्या कण्यावर आडव्या फासळ्या. मग बाहेरून बारीक लांब पट्ट्या, एकीखाली एक, वरून खालपर्यंत. पट्टी पाण्यात भिजवायची, फासळ्यांच्या अंगाने वाकवायची, गोंदाने चिकटवायची, आणि गोंद धरेपर्यंत टाचणीएवढ्या खिळ्यांनी अडकवून ठेवायची. यात एक नियम आहे आणि तो मोडायचा नाही. डावीकडे एक पट्टी लावली की उजवीकडे एक लावायची. एकाच बाजूला लावत गेलं तर त्या पट्ट्या वाळताना आकसतात, कण्याला आपल्याकडे ओढतात आणि कणा पिळवटतो. खिळ्याने हे पुस्तकातून वाचून भाऊजींना सांगितलं, आणि भाऊजींना ते इतकं पटलं की दुकानातून जाता-येता ते त्यालाच बजावायला लागले, “डावी एक, उजवी एक.”

“बाबा, माझाच माल मला विकताय,” खिळा म्हणायचा.

दुकानातल्या टेबलावर फासळ्या उभ्या राहायलाच किती तरी महिने गेले. ताई मशीनवरून ते बघायची आणि त्याला छेडायची, “हे जहाज आहे का रे? मला तर जेवून उरलेला मासा दिसतोय. कधी दिसणार जहाजासारखं?” रोज काही ना काही. तिच्या थट्टेत कौतुक होतं, हे त्यालाही कळत होतं. पट्ट्यांना सुरुवात झाली. दोन्हीकडे थोड्या थोड्या लागल्या. त्यानंतर भाऊजी मोठी ऑर्डर पोचवायला बाहेरगावी गेले. परत येऊन बघतात तर जहाजाची डावी बाजू, मशीनसमोर येणारी, तोफांच्या खालच्या रांगेच्याही खाली भरत आलेली, आणि उजवी बाजू होती तिथेच. भाऊजींच्या कपाळावर आठी आली.

“आईला एक बाजू तरी जहाजासारखी दिसू दे,” खिळा म्हणाला. “उजवी करतो ना आता भराभर.”

त्याने खरंच केली असती. पण त्याच आठवड्यात त्याला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि तिथून तो घरी आला नाही. यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही. पंचविशीही उलटली नव्हती पोराची.

भाऊजींनी त्याचा फोटो त्याच दिवशी फ्रेम केला. माणसं येऊन बसलेली, ताई भिंतीला टेकून शून्यात बघत होती, आणि हा माणूस दुकानात काठी कापत होता. फ्रेम झाली. मधल्या खोलीच्या भिंतीत खिळा ठोकला, फोटो लावला. मग त्यांनी दुकानातून पाणसळ आणली, फ्रेमच्या माथ्यावर ठेवली, आणि नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत फोटो सूतभर इकडे, सूतभर तिकडे करत राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गेलेल्या माणसांना फ्रेममध्ये बसवलं होतं, हात दुसरं काही जाणत नव्हते, असं मी आज म्हणू शकते. त्या वेळी मला संताप आला होता. ताई तर उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. रात्री ती मला एकच वाक्य बोलली, “पोरगा गेला आणि हा माणूस पाणसळ लावून बसला.”

नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं नाही. बंद झालं असतं तर बरं, भांडण म्हणून तरी मिटवता आलं असतं. भाजी काय करू, दिवा घालव, गिऱ्हाईक आलंय, एवढं चालू राहिलं आणि बाकी सगळं संपलं. ताईने एक दिवस मशीन ओढून उलटं फिरवलं. आता शिवताना तिची पाठ दुकानाकडे असायची. जहाज एका जुन्या पडद्यात गुंडाळून दुकानातल्या कपाटावर गेलं. दोघंही खिळ्याचं नाव घेत नव्हती. मी घेतलं की दोघंही मला काहीतरी काम सांगायची.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी भाऊजींनी कपाटाला शिडी लावली. मी तेव्हा दुकानात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी जहाज खाली घेतलं, पडदा सोडला, धूळ ब्रशने झटकली. मग मोल्डिंगची काठी विकत घेताना ते करतात तसंच केलं. जहाज उचलून एक टोक डोळ्याशी धरलं, दुसरा डोळा मिटला आणि कण्याच्या रेषेतून लांबवर बघितलं. काठी वाकडी असली तर अशी बघताच कळते. मग त्यांनी जहाज खाली ठेवलं आणि स्टुलावर बसले.

“पिळवटलंय,” ते म्हणाले. “डाव्या अंगाला.”

“मग सरळ करा,” मी म्हटलं. मला त्यातलं कळत होतं थोडंच.

त्यांनी प्रयत्न केले. जाड फळीवर कणा क्लॅम्पने आवळला, वर काचांचं वजन ठेवलं, आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. आवळलेलं असेपर्यंत कणा ओळंब्यासारखा सरळ. क्लॅम्प सोडला की डाव्या बाजूच्या पट्ट्या त्याला पुन्हा आपल्याकडे ओढून घेत. शेजारच्या दुकानातला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून आला आणि जहाज उलटंसुलटं करून म्हणाला, “या असल्या कण्यावर डोलकाठ्या उभ्या केल्यास तर तिघी तीन गावांना जातील. त्या पट्ट्या काढल्याशिवाय गत्यंतर नाही, काटकोन.” तोंडावर काटकोन म्हणणारा गल्लीत तो एकटाच.

पट्ट्या काढायच्या म्हणजे खिळ्याने लावलेल्या पट्ट्या काढायच्या. जहाजावर त्याचं म्हणून जे काही दिसत होतं, ते जवळपास तेवढंच. भाऊजी मधल्या खोलीच्या चौकटीत जाऊन उभे राहिले. ताईची पाठ त्यांच्याकडे होती.

“जहाज पुरं करावं म्हणतो,” ते म्हणाले. “डावीकडच्या जादा पट्ट्या उतरवाव्या लागतील. त्याच पुन्हा लावेन.”

मशीन थांबलं. ताईने मागे वळून बघितलं नाही.

“त्या पट्ट्यांना हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “माझ्यासाठी लावल्यात त्याने. मी रोज त्याच्या मागे लागले होते म्हणून लावल्यात. तुम्हाला काय, तुम्हाला सगळं सरळ पाहिजे.”

भाऊजी परत आले. जहाज पडद्यात गुंडाळलं, पण कपाटावर ठेवलं नाही. ते टेबलाच्या कोपऱ्यावरच राहिलं. त्यांचं म्हणणं मला त्यांनी नंतर सांगितलं, काच पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. “वाकडं राहिलं तर बघणारा काय म्हणेल? शिकाऊ हात होता म्हणेल. तो शिकाऊ नव्हता गं. घाई केली एकदाच, आणि ती सुधारायला तो राहिला नाही. मी आहे ना. मी असताना त्याचं काम लोकांनी वाकडं म्हणून का बघावं?”

ताईचं खोटं नव्हतं आणि यांचंही खोटं नव्हतं. एकाचं ऐकायचं तर दुसऱ्याचं काळीज कापायचं.

त्यानंतर भाऊजी बिघडत गेले. आजारी पडले असते तर औषध तरी देता आलं असतं. त्यांच्या फ्रेमचे कोपरे उघडे पडायला लागले. एक बाई आपली फ्रेम परत घेऊन आल्या, कोपऱ्यात नखच काय, नाणं शिरलं असतं. भाऊजींनी ती ठेवून घेतली आणि दुसरी केली ती त्याहून वाईट. घड्याळजीच्या दुकानातली तसबीर दिवसचे दिवस तिरपी होती. त्याने ती मुद्दाम तिरपी केली होती, हे त्याने मला मागाहून सांगितलं. भाऊजी रोज तिच्यासमोर बसून चहा प्यायचे आणि उठून जायचे. घड्याळजी मला जिन्यात गाठून म्हणाला, “ताईला सांग, तिचा नवरा हातचा चाललाय.” त्याला मस्करी करताना मी रोज बघते. त्या दिवशी तो मस्करी करत नव्हता.

मी ताईला सांगायला खाली गेले. सांगायला म्हणजे चांगलं खडसावायलाच गेले होते. ती जमिनीवर बसून एक भला लांब पडदा उसवत होती. फुलाफुलांचं भारी कापड, दोन पट जोडून शिवलेलं, टाका एकसारखा. मला राहवलं नाही.

“चांगलं शिवलेलं कशाला उसवतेस?”

“चांगलं कुठलं,” ती म्हणाली. “वरचं कापड शिवताना सरकत गेलं. वरून बघ, फुलं जुळतात. खाली येईपर्यंत बोटभर फरक पडलाय. टांगला की पिळा पडणार.”

“मेहनत गेली की सगळी.”

“कापड कुठे जातंय? टाका जातो फक्त. कापड तेच असतं, ते परत...”

ती तिथे थांबली. टाके काढायचं बारीक हत्यार तिच्या हातात तसंच राहिलं. तिचा चेहरा बघून माझं खडसावणं राहूनच गेलं. ती किती तरी वेळ त्या दोन सुट्या झालेल्या कापडांकडे बघत होती. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, पदराला डोळे पुसले आणि दुकानात गेली. वर्ष-दीड वर्षात तिने दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

भाऊजी काच कापत होते. ताईने टेबलावरच्या जहाजाचा पडदा बाजूला केला.

“कशाने निघतो हा गोंद?” तिने विचारलं.

भाऊजींनी काच खाली ठेवली. “स्पिरिटने सुटतो. नाहीतर कढत पाण्याच्या फडक्याने. सावकाश.”

“मी काढणार. तुम्ही नाही.”

“पट्टी चिरली तर?”

“चिरली तर माझ्या हातून चिरेल.”

मग तिने काढल्या. फडकं कढत पाण्यात बुडवायचं, पिळायचं, पट्टीवर धरायचं, आणि गोंद मऊ झाला की पातळ पातं खाली सरकवून पट्टी फासळीफासळीपासून सोडवायची. आयुष्यभर टाके उसवलेला हात होता तो. भाऊजी समोर उभे राहून सुटलेली पट्टी दोन्ही तळव्यांवर घेत आणि टेबलावर पसरलेल्या कापडावर ओळीने मांडत, मागे पेन्सिलीने आकडा घालत. दिवसाला थोड्याच निघायच्या. जहाजाच्या नाकाडाजवळची एक आखूड पट्टी मधोमध चिरली. ताईने डोळे घट्ट मिटले. भाऊजी म्हणाले, “सांधता येईल,” आणि ती दुसऱ्यांसारखीच ओळीत ठेवली.

सगळ्यात कठीण वेळ त्यानंतर आली. पट्ट्या परत लावायच्या तर आतल्या अंगाचा जुना गोंद खरवडून काढावा लागतो, नाहीतर नवा धरत नाही. पट्ट्या उलट्या केल्या, तर त्या वाळलेल्या गोंदावर खिळ्याची बोटं उठलेली. जास्तीचा गोंद तो बोटाने पुसून घ्यायचा, ते फराटे, काही ठिकाणी बोटाच्या रेघासुद्धा. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. ताईने एका पट्टीवर आपलं बोट ठेवलं. तिचं बोट त्या ठशापेक्षा लहान होतं.

“हे मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “हे तुम्ही करा.”

ती मधल्या खोलीत जाऊन मशीनवर बसली आणि पाय मारायला लागली. मी चौकटीतून डोकावले. मशीन भरधाव चाललं होतं आणि सुईखाली कापड नव्हतं. इकडे भाऊजी पातं घेऊन खरवडत होते. दोन पट्ट्या केल्या आणि पातं खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्या माणसाला तोवर रडताना पाहिलं नव्हतं. मुलाच्या वेळीसुद्धा नाही. आवाज फार मोठा नव्हता, पण मशीन थांबलं. ताई आली, त्यांच्या स्टुलाशेजारी उभी राहिली, आणि तिने त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मी वर निघून गेले. जिन्यात मला पायऱ्या दिसत नव्हत्या, कारण मीही काही दगडाची नाही.

त्यानंतर कणा पुन्हा फळीवर आवळला गेला. आता एका अंगाला ओढणारं कुणी नव्हतं. भाऊजींनी बरेच दिवस तो तसाच ठेवला आणि मगच पट्ट्यांना हात घातला. टेबलाच्या एका बाजूला ते बसले, दुसऱ्या बाजूला ताई, मध्ये जहाज. डावीकडे खिळ्याच्या जुन्या पट्ट्या ताई लावायची, उजवीकडे नव्या कापलेल्या भाऊजी. तिची एक झाली की त्यांची एक. पट्टी दाबून धरलेली असताना हात सोडता येत नाही, म्हणून समोरच्याने टाचणीएवढा खिळा अडकवायचा. त्यामुळे एकमेकांची वाट बघावीच लागायची.

“तुझी झाली?”

“धरतेय अजून. थांबा जरा.”

“थांबलोय.”

आधी एवढंच बोलणं. मग एका दिवशी मी खाली येते तो ताई सांगत होती की खिळा लहान असताना मोल्डिंगच्या काठ्यांमध्ये लपून बसला होता आणि शिंकला म्हणून सापडला. भाऊजी म्हणाले, “शिंकला नव्हता, मीच त्याला आधी बघितलं होतं. तू शोधत होतीस म्हणून गप्प बसलो.” ताई म्हणाली, “आज सांगताय होय हे?” त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं, दोघांनीही, आणि मला कुणी काही काम सांगितलं नाही. मी चहा टाकायला गेले. फ्रेमचे कोपरे बंद व्हायला लागले होते आणि घड्याळजीची तसबीरही सरळ झाली होती.

डेक, तोफा, डोलकाठ्या, दोरखंड, या सगळ्याला पुढे वर्षं गेली. दोरखंडांच्या गाठी ताईने मारल्या. मला एकदा मदतीला घेतलं आणि माझी गाठ बघून परत कधी घेतलं नाही. मधल्या काळात कधीतरी मशीन पुन्हा फिरलं आणि तोंड दुकानाकडे झालं. नेमकं कधी ते माझ्या लक्षात नाही. ती चिरलेली पट्टी नाकाडाजवळ आहे, बारीक सांधा दिसतो, आणि आम्ही तो रंगाने झाकलेला नाही.

परवा जहाज पुरं झालं. भाऊजींनी त्याला काचेची पेटी केली, सांध्यात कुठे नख शिरायची सोय नाही. पेटी चित्राखाली ठेवली, जहाजाची डावी बाजू मशीनकडे करून. वरचं झाकण बसवायच्या आधी ते मागच्या टोकाशी वाकले, एक डोळा मिटला आणि कण्याच्या रेषेतून बघायला लागले. ताई मशीनवर होती, मी चौकटीत. टेबलावर पाणसळ पडली होती. ते बराच वेळ वाकलेलेच होते.

“आहे,” ते शेवटी म्हणाले.

“काय आहे?” ताईने विचारलं.

“पीळ. डाव्या अंगाला. अगदी केसभर. इतकी वर्षं सरळ धरला, तरी लाकडाने ठेवलाच थोडा.”

ताईने पायाखालचं पेडल सोडलं. “मग? परत उसवायचं?”

भाऊजी सरळ उभे राहिले. त्यांनी बाहीने काच पुसली, पाणसळ उचलली आणि तिच्या खुंटीला टांगली.

“नको,” ते म्हणाले. “तेवढा त्याचा आहे.”

मग त्यांनी झाकण बसवलं. संध्याकाळी घड्याळजी जहाज बघायला आला. त्याने भिंग लावून सगळं न्याहाळलं, कण्याच्या रेषेतूनही बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि भिंग खिशात ठेवलं. ताईने त्याच्यापुढे चहा ठेवला, समोर खुर्ची ओढून बसली, आणि त्याने अनेकदा ऐकलेली आजोबांच्या फोटोची गोष्ट त्याला पहिल्यापासून सांगायला लागली.